मागे राहणाऱ्याची चाल

गेल्या डिसेंबरात भाची आली आणि अंगणात चपला काढायच्या आधीच तिनं विचारलं, "मामू, मेरी सायकल किधर है?"

तिनं हसतच विचारलं होतं. जावईबापू मागे रिक्षातून बॅगा उतरवत होते, तेही हसले. आपा हसल्या. आम्हाला मात्र हसता आलं नाही. ती सायकल कुठं गेली, हे घरात आमच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

आपांचं सासर चिखली रस्त्यावरच्या एका गावात. भाची तेव्हा आठवीत होती. शाळा साडेतीन किलोमीटरवर. दुल्हेभाईंनी तिला निळ्या रंगाची लेडीज सायकल घेऊन दिली होती, पुढं टोपली असलेली. वर्षभर ती आणि तिच्या तीन मैत्रिणी सायकलींवरून शाळेत गेल्या. मग मोहल्ल्यात कुणीतरी काहीतरी बोललं. नेमकं काय बोललं ते आजही कुणाला आठवत नाही, पण बोललं एवढं खरं. दुल्हेभाईंनी आम्हाला विचारलं, कारण घरात शिकलेले आम्ही. नुकतंच बीएड करून नोकरीला लागलो होतो. आम्ही म्हणालो, "आता मोठी झाली. फाट्यावरून बसनं जाऊ द्या. कशाला लोकांच्या तोंडी लागायचं?" आठ दिवसांत सायकल चिखलीच्या एका मिस्त्रीला सातशे रुपयांत विकली गेली.

भाची शिकली. त्याचं श्रेय आपांच्या हट्टाला. त्या रोज तिच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत जायच्या. पण तिच्याबरोबरच्या तिघींच्या सायकलीही एकेक करून बंद झाल्या, आणि त्यांच्यातली एकच दहावीपर्यंत पोचली. बाकी दोघींच्या आया रोज फाट्यापर्यंत जाऊ शकत नव्हत्या, त्या मजुरीला जायच्या. हा हिशोब आम्ही कधी मांडला नव्हता. भाचीनं अंगणात उभं राहून सहज विचारलं, तेव्हा तो आपोआप मांडला गेला.

या महिन्यात आम्हाला लिहायचं आहे ते भाची आणि जावईबापूंच्या सुट्टीबद्दल. दोघं नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहतात, दोघंही नोकरी करतात. मागच्या जुलैत त्यांनी दहा दिवसांची सुट्टी घेतली आणि घरून निघून, शेजारच्या जर्मनीतून, राइन नदीच्या काठाकाठानं पाचशेच्या थोडं आत किलोमीटर सायकल चालवली. फोनवर हे ऐकलं तेव्हा आपा म्हणाल्या होत्या, "गाडी घ्यायला पैसे नव्हते का?"

त्या देशात सायकल हे गरिबीचं लक्षण नाही, हे आपांना समजावताना भाचीची दमछाक झाली. नेदरलँड्सची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या थोडी वर, आणि सायकली सव्वादोन कोटींच्या पुढं. मंत्री सायकलवर जातात, आजीबाई सायकलवर बाजार करतात. पण तिथलेही रस्ते पहिल्यापासून असे नव्हते. 1971 साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत तीन हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्यात चारशेहून जास्त मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच "मुलांची हत्या थांबवा" असं होतं. त्यानंतर हळूहळू सायकलींसाठी वेगळे रस्ते झाले. म्हणजे आज भाची ज्या रस्त्यावरून निर्धास्त जाते, तो कुणाच्या तरी लेकरांच्या मयतीनंतर झालेला रस्ता आहे. हे ऐकून आपा गप्प झाल्या. आपल्याकडच्या घाटरस्त्यांवरून लेकरांना शाळेत धाडणाऱ्या कुठल्याही आईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सामान थोडंच होतं. मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पाणी न शिरणाऱ्या पिशव्या, त्यात दोन-दोन जोड कपडे, पावसाचा कोट, जानमाज, पंक्चरचं सामान, एक जास्तीची ट्यूब, पाना आणि हवा भरायचा छोटा पंप. खाण्यात आपांनी पाठवलेली शेंगदाण्याची चटणी. भाची स्कार्फ बांधते. हेल्मेटखाली जाड कापड सरकतं, म्हणून पातळ सुती स्कार्फ मानेमागं बांधायचा आणि वर हेल्मेट, हे तिनं दोन दिवसांत शोधून काढलं. लांब कुर्ता चाकात जाऊ नये म्हणून तिकडच्या सायकलींना मागच्या चाकावर आडोसा असतो. आपल्या जुन्या लेडीज सायकलींनाही तशीच जाळी आणि पूर्ण चेनकव्हर असायचं. आताच्या गिअरच्या सायकलींतून ते गायब झालं आणि मग आपणच म्हणतो, मुलींच्या कपड्यांत सायकल चालत नाही.

रस्ता शोधायलाही फार त्रास नाही. तिकडं सायकलच्या रस्त्यांच्या चौकांना नंबर दिलेले असतात. घरून निघताना नंबर एका कागदावर ओळीनं लिहून घ्यायचे आणि पाट्या बघत जायचं. व्हेनलो नावाच्या गावापाशी देश बदलतो. तिथं त्यांना ना फाटक दिसलं ना शिपाई, नुसती एक पाटी. पुढं ड्युसेलडॉर्फला राइन भेटते. ही नदी सुमारे 1,230 किलोमीटर लांब. स्वित्झर्लंडच्या डोंगरांतून निघते आणि उत्तर समुद्राला मिळते. हे दोघं तिच्या उलट्या दिशेनं चालले होते, पण चढ जवळजवळ नाहीच. राजूर घाट चढून बुलढाण्यात येणाऱ्या माणसाला तो रस्ता म्हणजे फरशी वाटेल.

तरीही दुसऱ्याच दिवशी दोघांचं भांडण झालं. ते भांडण आम्हाला त्या सगळ्या सुट्टीतलं सर्वांत मोलाचं वाटलं, म्हणून सविस्तर सांगतो.

जावईबापूंचा वेग जास्त. ते पुढं निघून जायचे, दोन-तीन किलोमीटरवर एखाद्या झाडाखाली थांबायचे, पाणी प्यायचे, फोटो काढायचे. भाची धापा टाकत पोचायची, आणि ती पोचली की ते म्हणायचे, "आलीस? चल, निघू या." दुपारपर्यंत असं चार-पाच वेळा झालं. शेवटी तिनं सायकल स्टँडवर लावली आणि सांगितलं, "तुम्ही माझ्यासाठी थांबता, म्हणजे तुमची विश्रांती होते. मी पोचले की तुम्ही निघता. दिवसभरात तुम्ही पाच वेळा बसलात, मी एकदाही नाही. जो दमलेला आहे त्यालाच बसायला मिळत नाही, हे कसलं थांबणं?"

जावईबापू भला माणूस. त्यांनी कबूल केलं की हे आपल्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, आपण थांबतोय म्हणजे उपकार करतोय. त्या दिवसापासून नियम झाला: ज्याची चाल कमी तो पुढं. मागच्यानं त्याच्या चालीनं यायचं. आणि विश्रांती म्हणजे दोघं पोचल्यावर मोजायची दहा मिनिटं.

हा नियम भाचीनं शोधला असं तिला वाटतं. आम्ही तिला सांगितलं की आपल्याकडं तो फार जुना आहे. हदीसच्या ग्रंथांत येतं की प्रवासात रसूलुल्लाह (स.) काफिल्याच्या मागच्या बाजूला राहत. जो अशक्त असेल त्याला पुढं नेत, कुणाला आपल्यामागं सवारीवर बसवून घेत. आणि प्रवासातलाच तो प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी त्यांनी धावण्याची शर्यत लावली. एकदा त्या पुढं निघाल्या, काही काळानंतर दुसऱ्या एका प्रवासात ते पुढं निघाले आणि त्यांनी हसत मागच्या वेळची परतफेड झाल्याचं सांगितलं. आम्ही हे प्रसंग वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो. घरात सायकलचा प्रश्न आला त्या दिवशी मात्र आम्हाला यातलं काहीच आठवलं नाही. आठवली ती फक्त लोकांची तोंडं.

कोलोनला त्यांनी एक दिवस मुक्काम केला. तिथलं ख्रिस्ती लोकांचं मोठं कॅथेड्रल 1248 साली बांधायला घेतलं आणि 1880 साली पूर्ण झालं. सहाशेहून जास्त वर्षं लागली. त्याच शहरात 2018 साली खुली झालेली मोठी मशीद आहे. मुख्यतः तुर्की लोकांची. काँक्रीट आणि काचेचा घुमट, 55 मीटर उंचीचे दोन मिनार. वास्तुकार पॉल ब्योम. जुम्मा तिथं पढला. बाकी दिवस नदीकाठच्या गवतावर, मुसाफिराची कसर नमाज. जुलैत तिकडं मगरिबला साडेनऊ वाजून जातात, इशाला जवळजवळ मध्यरात्र. दिवसभर सायकल चालवून इशापर्यंत जागं राहणं हाच मोठा घाट होता, असं जावईबापू म्हणतात.

कोब्लेंझपासून बिंगेनपर्यंतचा पट्टा सर्वांत देखणा. दोन्ही बाजूंना डोंगर, डोंगरांवर द्राक्षांच्या बागा आणि पडके-उभे किल्ले, खाली नदीत मालाची लांबलचक जहाजं. हा भाग 2002 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पुढं माइंझ, वर्म्स आणि मग मानहाइम. मानहाइमला दोघांनी सायकली उभ्या करून फोटो काढला, त्याला कारण आहे. सायकलची पूर्वज तिथंच जन्मली. 12 जून 1817 रोजी कार्ल ड्रेस नावाच्या माणसानं याच शहरातून स्वतः बनवलेली दोन चाकांची लाकडी गाडी चालवत नेली. तिला पायडल नव्हतं. बसायचं आणि पायांनी जमीन मागं रेटायची. जाऊन-येऊन चौदाएक किलोमीटर. लोकांनी त्यालाही हसून घेतलं. आज दोनशेहून जास्त वर्षांनी बुलढाण्याच्या मुलीनं त्याच गावात सायकल टेकवली, हे आम्हाला फार गोड वाटलं.

आणि शेवटचा मुक्काम हायडेलबर्ग. तो का, हे तिनं आम्हाला डिसेंबरातच सांगितलं. अल्लामा इक्बाल 1907 साली जर्मन भाषा शिकायला त्या गावी राहिले होते. पुढं म्युनिकच्या विद्यापीठानं त्यांना डॉक्टरेट दिली. नेकर नदीच्या काठावर लिहिलेली त्यांची 'एक शाम' ही छोटी कविता आम्ही भाचीला लहानपणी शिकवली होती. त्या नदीच्या काठाचा एक भाग आज इक्बालांच्या नावानं ओळखला जातो. तिथं बसून तिनं ती कविता नवऱ्याला म्हणून दाखवली. "मामू, कविता तुम्ही दिली होती," ती म्हणाली. "सायकल मी नंतर घेतली." बोचेल असा सूर नव्हता. पण बोचलं.

नवरा-बायकोनं सायकलवर परदेश बघायचा, ही कल्पना कुणाला आजच्या काळाची चूष वाटेल. ती सव्वाशे वर्षं जुनी आहे आणि तिचा आपल्या देशाशी संबंध आहे. फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन हे अमेरिकन जोडपं. विल्यम डॉक्टर होते, फॅनी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. आधी त्यांनी अल्जीरिया आणि स्पेन सायकलवर पाहिलं. मग 1897 च्या शेवटी ते आशियात आले आणि अडीचेक वर्षांत लंका, ब्रह्मदेश, जावा आणि हिंदुस्थान फिरले. हिंदुस्थानातल्या प्रवासावरच्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच चौदा हजार मैलांचा आकडा आहे, म्हणजे बावीस हजार किलोमीटरहून जास्त. ते पुस्तक 1904 साली निघालं. कधी एका दिवसात चाळीसपर्यंत पंक्चर काढावी लागली. ज्यानं बाभळीच्या काट्यांच्या वाटेनं सायकल ढकलत आणली आहे, त्याला हा आकडा खोटा वाटणार नाही. पाणी मिळालं नाही, उंदीर फिरणाऱ्या खोल्यांत झोपावं लागलं, आणि फॅनीबाई हे सगळं लांब झग्यात करत होत्या.

पुढं हे जोडपं हिमालयात गिर्यारोहणाकडं वळलं. तिथं त्यांनी एक पद्धत पाळली. एका मोहिमेची सगळी व्यवस्था एकानं बघायची, मजूर, शिधा, पैसा. आणि दुसऱ्यानं मोजमापं, फोटो, टिपणं. पुढच्या मोहिमेला कामांची अदलाबदल. 1912 साली सियाचीनच्या बर्फावर फॅनीबाईंनी बायकांना मताचा हक्क मागणारं वर्तमानपत्र हातात धरून फोटो काढून घेतला. तेव्हा त्यांच्या देशात बायकांना सगळीकडं मत नव्हतं.

पण या जोडप्याचं सगळंच घ्यावं असं नाही. दोघांकडं वारशानं आलेला भरपूर पैसा होता. लेक रेचेल दायांच्या आणि शाळांच्या हवाली असायची. इथल्या मजुरांशी आणि नोकरांशी त्यांचं फारसं जमलं नाही. जमेल कसं? मागे राहणाऱ्याच्या चालीनं चालायचा नियम त्यांनी एकमेकांपुरता ठेवला होता, ओझं वाहणाऱ्यांना तो लागू नव्हता. हे वाचलं तेव्हा आम्ही स्वतःकडं पाहिलं. आम्हीही भाचीच्या शिक्षणासाठी झटलो म्हणून पाठ थोपटून घेतो. तिच्या मागच्या तिघींकडं मात्र वळून पाहिलं नव्हतं.

घरी परतण्याची गोष्ट निघाली की आम्हाला मुंबईचे तिघं आठवतात. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, चीन असं करत 18 मार्च 1928 रोजी परतले ते हे तिघं. चार वर्षं पाच महिने. बाकीचे तिघं वाटेत वेगवेगळ्या कारणांनी गळाले. निघताना होते तितके परतताना असतीलच असं नाही, हे लांबच्या वाटेचं जुनं दुखणं आहे.

भाचीची परतीची वाट सायकलची नव्हती, रेल्वेची होती. सुट्टी संपत आली होती. तिकडच्या लोकल गाड्यांत सायकलचं वेगळं तिकीट काढून सायकल डब्यात नेता येते, जागा असेल तर. दिवसभरात गाड्या बदलत जायचं. एका जंक्शनवर घात झाला. लिफ्ट बंद. सामानासकट सायकली जिन्यावरून वर चढवल्या. गाडी लागलेलीच होती. जावईबापू आपली सायकल घेऊन आत शिरले आणि भाचीची घ्यायला वळणार, तेवढ्यात दार बंद झालं. गाडी निघाली. भाची फलाटावर. तिचा फोन जावईबापूंच्या पिशवीत, चार्जिंगला लावलेला.

पुढची गोष्ट ऐकताना आपांनी तोंडाला पदर लावला होता. जावईबापू पुढच्या स्टेशनावर उतरले आणि तिथंच थांबले. त्यांचा हिशोब असा की ती मागच्या गाडीनं येईल. भाची आपल्या फलाटावर थांबून राहिली. तिचा हिशोब वेगळा. लहानपणी आपा तिला सैलानीच्या यात्रेला न्यायच्या. लाखाची गर्दी. तिथं आपांनी शिकवलेलं एकच: हरवलीस तर जिथं आहेस तिथंच उभी राहा, इकडं-तिकडं जाऊ नको, आम्ही परत येतो. म्हणून ती सायकलला टेकून उभी राहिली. एक गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. तिकडं जावईबापू प्रत्येक गाडीचे डबे शोधत होते. सव्वा तास दोघं एकमेकांसाठी थांबले होते, दोन वेगळ्या स्टेशनांवर.

शेवटी जावईबापू उलट दिशेची गाडी पकडून मागे आले. भाची तिथंच होती. दोघं काही बोलले नाहीत. मग तिनं विचारलं, "पानी है क्या?" दोघांनी पाणी प्यायलं, आणि यावेळी दहा मिनिटं मोजायची आठवण कुणालाच झाली नाही.

घरी पोचायला रात्रीचे बारा वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाची डबा करायला उठली तर जावईबापू ओट्यापाशी आधीच उभे. तिला वाटलं, सुट्टीची हवा आहे, आठवडाभरात उतरेल. ती पूर्ण उतरली नाही, काही उतरली. आता आठवड्याची पाळी असते. ज्याची पाळी त्यानं बाजार आणि रांधणं, दुसऱ्यानं बाकीचं घर. भांडणं होतात. पण "तुला मदत करतो" हे वाक्य त्यांच्या घरातून गेलं, असं भाची सांगते. सहलीतून दोघांनी घरी काय आणलं असं कुणी विचारलं तर आम्ही हे सांगू.

आता आमच्या घरचं. म्हणजे आमच्या शाळेचं.

आमच्या वर्गात आठवीला एक मुलगी आहे. गाव शाळेपासून चार किलोमीटर. गावात बस जात नाही, फाट्यावर उतरून चालावं लागतं. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या गरजू मुलींना सायकल मिळते. तिलाही मिळाली. पण ती शाळेत पायीच येत होती, आठवड्यातून तीन-चार दिवस. सायकल भाऊ चालवायचा. भाची परत गेल्यावर जानेवारीत एका रविवारी आम्ही बेगमना घेऊन त्या घरी गेलो.

वडील सज्जन. चहा पाजला. म्हणाले, "सर, लेकीवर भरोसा आहे. रस्त्यावर नाही. ट्रक बघितलेत ना? कुत्री बघितलीत? आणि पोरं?" यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. सतरा वर्षांपूर्वी आम्ही अशाच गोष्टींपुढं मान डोलावून सायकल विकायला लावली होती. यावेळी आम्ही त्यांना आमच्याच घरची गोष्ट सांगितली, भाचीची आणि तिच्या मागच्या तिघींचीही. बिहारमध्ये 2006 पासून नववीच्या मुलींना सायकली देण्यात आल्या. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी मोजलं, तर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी वाढलं होतं, आणि जास्त फरक शाळेपासून लांब असलेल्या गावांत दिसला. तिथं मुली झुंडीनं निघायच्या, हे त्यांना सांगितलं. एकटीची सायकल दिसते, दहा जणींची सायकल हा रस्त्याचा भागच होऊन जातो.

बेगम आत बायकांशी बोलत होत्या. त्यांचं बोलणं आमच्याहून उपयोगी ठरलं. त्याच गावात सायकल मिळालेल्या आणखी तिघी निघाल्या. ठरलं ते असं: चौघींनी एकत्र निघायचं. जिची चाल सर्वांत कमी ती पुढं. थांबायची जागा एकच, गावाबाहेरचा चिंचेचा पार. कुणी मागे राहिली तर बाकीच्या तिघींनी तिथून पुढं जायचं नाही. पहिले पंधरा दिवस एका मुलीचे चाचा मोटारसायकलवर मागून येतील, पुढून नाही.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी सायकल असेल, म्हणून चार गोष्टी सांगतो. सीटची उंची एवढी ठेवा की बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील. नवशिक्या मुलीला त्यानं धीर येतो. चेनकव्हर नसेल तर मिस्त्रीकडून आधी तेच बसवून घ्या. स्कार्फची टोकं आत खोचलेली हवीत. ब्रेकचे रबर दर तीन महिन्यांनी बघा. आणि पंक्चर काढायला मुलीलाच शिकवा, तिच्या भावाला नाही.

सोमवारी सकाळी आम्ही शाळेच्या फाटकात उभे होतो. तिघी आल्या. चौथीच्या घरून अजून होकार आलेला नाही. आमची विद्यार्थिनी त्या तिघींत होती. तिनं सायकल लावली आणि सांगितलं, "सर, हमलोगां पारावर दस मिनट रुके थे उसके वास्ते. कल भी रुकेंगे."

पुढच्या रविवारी बेगम पुन्हा त्या गावी जायच्या आहेत. आम्ही मागून जाऊ.